न ऐकू येणारी दोन अक्षरं

३ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी मेलं नाही. म्हणजे इथं रोज कुणीतरी मरतं, त्याशिवाय आमचं पोट चालत नाही, पण आपल्यातलं कुणी नाही.

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आता काम पडलं म्हणून ताई आठवली, असं तू म्हणशील. बरोबर म्हणशील. काम पडलं म्हणूनच लिहितोय. उगाच गोड बोलायची सवय ना तुला, ना मला.

मी थडग्यांचे दगड करणाऱ्या कारखान्यात आहे. पत्र्याची लांब शेड, करवतीवर दिवसभर पाणी, पायात रबरी बूट. माझं काम दगड घासायचं. अक्षरं कोरणारा वेगळा. त्याचे हात आता थरथरतात, त्यानं o कोरला की बटाटा होतो. त्याची जागा रिकामी होतेय. मालकाला आम्ही म्हातारा म्हणतो. म्हातारा म्हणाला, एप्रिलात तुला एक खरा दगड देतो. मजकूर तोंडी सांगणार. तू मांडायचा, तू कोरायचा. जमलं तर कोरणाऱ्याचं बाक तुझं. नाही जमलं तर घासायला मशीन येतंय, तुझी गरज नाही.

गरज नाही म्हणजे इथं राहायचा परवाना नाही. परवाना नाही म्हणजे घरी. घरी म्हणजे बाबांच्या सुतारशाळेत, त्याच रंध्यापुढं. निघताना ते काय म्हणाले ते तूही ऐकलंस. ‘जा. शेपूट घालून येशील.’ मी शेपूट घालणार नाही.

फ्रेंच मला बोलता येतं. भांडतासुद्धा येतं. लिहिता येत नाही. ऐकलं तसं लिहिलं की निम्मं चुकतं, आणि इथं चूक म्हणजे खरोखरच दगडावरची रेघ. तू एवढं फ्रेंच शिकलीस ते कुणाच्या जिवावर? आठवीनंतर मला शाळेतून काढलं आणि तुला कॉलेजात घातलं. माझ्या वाटची शाळा तू शिकलीस. आता त्यातली थोडी परत कर. शब्द कुठं तोडायचा आणि क्रियापदाच्या शेपटीला कधी काय लावायचं, एवढंच लिही. फोन नको. जी अक्षरं उच्चारतच नाहीत ती फोनवर कशी ऐकू येणार?

तुझा भाऊ (नाइलाजानं)

१९ जानेवारी

चुळबुळ्या,

पत्र मिळालं. पहिल्या चार ओळींत तीन चुका आहेत, त्याही मराठीत. लाल शाईनं दुरुस्त करून सोबत परत पाठवतेय. ‘परवाना’मधला ‘र’ तू खाल्ला आहेस. भूक लागली होती का?

फोन नको म्हणतोस ते बरं झालं. मी उचलला नसता.

तुझ्या वाटची शाळा मी शिकले म्हणे. मग माझ्या वाटची मोकळीक कुणी घेतली? तू पिशवी उचलून निघालास. इथं बाबांचा खोकला, बाबांचा राग आणि तू अर्धवट टाकलेली कपाटं, सगळं माझ्या गळ्यात आलं. बाहेरच्या खोलीत मी पोरांना फ्रेंच शिकवते आणि मागं रंधा चालू असतो. मार्कांसाठी येतात पोरं, त्यातलं एकही ती भाषा कधी रस्त्यावर ऐकणार नाही. मीही ऐकलेली नाही. आणि तू, ज्यानं पुस्तक उशीला घेतलं, तो तिथं पोचलास. देव आंधळा आहे हे मला माहीत होतं, तो बहिराही आहे हे आता कळलं.

आता लिही. दोन स्वरांच्या मधे एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: re-po-ser. मधे दोन व्यंजनं असतील तर मधून चिरायचं, एक इकडे एक तिकडे: par-ler, par-lons. जोडअक्षरासारखं दिसतं म्हणून एकत्र ठेवू नकोस. मात्र दुसरं व्यंजन l किंवा r असेल आणि आधीच्याला चिकटून उच्चारलं जात असेल, जसं table मधलं bl, तर त्या दोघांना सोडवायचं नाही. ओळ संपली तर याच ठिकाणी आडवी रेघ देऊन शब्द मोडायचा. दुसरीकडे कुठंही नाही.

आता शेपटी. मी बोलतो parle, तू बोलतोस parles, ते बोलतात parlent. तिन्हींचा उच्चार एकच, ‘पार्ल’. पोशाख तीन, आवाज एक. त्या शेवटच्या nt ला तोंड नाही. ते फक्त सांगतं की माणसं एकाहून जास्त आहेत. समजत नसेल तर आजोबांची जुनी पत्रं आठव. ‘नवराबायको आलीं’ असं डोक्यावर टिंब देऊन लिहायचे. वाचताना टिंब कुणी म्हणायचं नाही. टिंब म्हणजे मोजणी. nt म्हणजे त्यांचं टिंब.

बाबांची तू चौकशी केली नाहीस, म्हणून मीही काही सांगत नाही.

ताई

४ फेब्रुवारी

आदरणीय मास्तरीणबाई,

आपण पाठवलेली लाल शाई पोचली. कागद जाड होता, छिन्नी पुसायला बरा पडला.

आपले नियम मी पाटीच्या तुकड्यांवर कोरून बघितले. म्हातारा मागून येऊन बघायचा आणि काही न बोलता जायचा. त्याचं न बोलणं म्हणजे शिवी की शाबासकी, हे अजून कुणाला कळलेलं नाही. टिंबाचं डोक्यात शिरलं, ते कबूल. पण तुम्ही स्वतः काय लिहिताय ते तुम्हाला तरी कळतंय का? वर par-lons असं तोडलंय. खाली समासात बारीक अक्षरात parl + ons लिहिलंय. एकाच कागदावर एकच शब्द दोन ठिकाणी कापलाय! दगड एकदाच कापता येतो, बाईसाहेब. तुमच्या वहीसारखं खोडता येत नाही. का त्या क्लासातल्या पोरांनाही असंच शिकवता, एक डावीकडून एक उजवीकडून?

आणि उच्चाराखाली तुम्ही जी देवनागरी लिहून पाठवलीत, ती मी पोस्टातल्या बाईला म्हणून दाखवली. ती म्हणाली, ‘तुमचं पार्सल हरवलंय का?’ कोरडवाहू फ्रेंच आहे तुमचं. त्याला पाणी लागलेलं नाही.

नीट सांगा. शब्द खरा कुठं तुटतो? तुमच्या पांडित्यापायी माझं बाक गेलं तर मी तिथं येऊन तुमच्या क्लासाच्या दारात बसेन. पोरांना सांगेन, हीच ती.

आपला आज्ञाधारक

२० फेब्रुवारी

चुळबुळ्या,

मला ‘तुम्ही’ म्हणून टोमणे मारू नकोस. ‘तुम्ही’ आदराचं आहे की माणसं जास्त आहेत म्हणून आहे, हे मराठीत शब्दावरून कळत नाही आणि फ्रेंचमध्येही नाही. एकाला मान द्यायचा तरी vous parlez, दहांना ओरडायचं तरी vous parlez. तुझ्या बाबतीत मात्र लगेच कळतं. तुला मान द्यायला कधी आलंच नाही.

कोरडवाहू म्हणालास. म्हणालास ते म्हणालास. मी ती भाषा पुस्तकातून उपसली आहे, बादली बादली. तुझ्या दारातून नळ वाहतोय आणि तू माझ्या हाताच्या घट्ट्यांना हसतोस. हस.

दोन्ही काप बरोबर आहेत. तुला एकच दिसतो, कारण तू कधी थांबून बघत नाहीस.

parl हे क्रियापदाचं अंग. ते सगळीकडे तेच राहतं. ons ही मागून बसवलेली शेपटी, तिचा अर्थ ‘आम्ही’. अंगाला खाच पाडायची, शेपटीचं कुसू त्यात ठोकायचं. शब्द असा बनतो. हा झाला सांधा. पण ओळ संपल्यावर शब्द मोडायचा असेल तर तो सांध्यात मोडत नाही. जीभ जिथं श्वास घेते तिथं मोडतो: par-lons. सांध्यापासून बरोबर एक अक्षर अलीकडे. पुढंही तेच. finiss + ons बनलं, पण मोडणार fi-nis-sons. repos + ent बनलं, पण मोडणार re-po-sent. दर वेळी सांध्याच्या शेजारी. यात नवल काही नाही. सांधा नीट बसलेला असेल तर फळी सांध्यात तुटत नाही, शेजारी तुटते. सांध्यात तुटली तर समजायचं की सरस कच्चा होता.

आता कळलं? नसेल कळलं तर दगडच घास.

ताई

९ मार्च

ताई,

‘सांधा नीट बसलेला असेल तर फळी सांध्यात तुटत नाही, शेजारी तुटते.’

हे वाक्य तुझं नाही. तुला रंधा आणि पटाशी यातला फरक कळत नाही. स्टुलाचा पाय मोडला तर तू त्याला सुतळी बांधतेस. कुसू, खाच, कच्चा सरस! हे वाक्य मी बाराव्या वर्षापासून ऐकतोय, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मागोमाग टपली खाल्लीय. दाराच्या फळीवर माझी करवत तिरकी गेली तेव्हाही हेच ऐकलं. त्यावर आणखी एक, ‘तुझ्या हाताला डोळे नाहीत.’ आठवतं? गिऱ्हाईक उभं होतं समोर.

तू माझी पत्रं त्यांना वाचून दाखवतेस!

मी तुला विचारलं होतं, त्यांना नाही. मी काय लिहिलं, कुठं अडकलो, म्हातारा मला काय बोलतो, हे सगळं ते तिथं खाटेवर बसून ऐकतात आणि तू त्यांचं वाक्य तुझ्या अक्षरात घालून पाठवतेस? दुसऱ्याच्या तोंडून बोलायला त्यांना लाज कशी वाटत नाही? स्वतः लिहायला हात आहेत ना, का तेही आता थरथरतात? बंद कर. हे बंद नाही केलंस तर पत्रंही बंद.

(तुझं ते सांध्याचं मात्र डोक्यात पक्कं बसलं. परवा मी finissons न अडखळता मांडला. म्हातारा म्हणाला, ‘हं.’ त्याच्याकडून ‘हं’ म्हणजे दिवाळी समज. पण ते वेगळं.)

आता कामाचं. परीक्षेचा दगड आधीच आला. करडा, मऊसर, दारापेक्षा थोडा अरुंद. नवराबायकोचा आहे. म्हातारा तोंडी सांगतो, पहिली ओळ ‘इसी रपोझ’, म्हणजे ‘इथं विसावलंय’, आणि खाली दोन नावं, आधी बाईचं, मग नवऱ्याचं. ‘रपोझ’ मी शंभर दगडांवर ऐकलंय, पण ऐकून कळत नाही की repose लिहायचं की reposent. दोन नावं आहेत. nt लावू का नको? एका ओळीत उत्तर दे. बाकीचं पाल्हाळ नको.

भाऊ

२५ मार्च

चुळबुळ्या,

बाबा तुझी पत्रं ऐकत नाहीत. त्यांना काय पडलंय? तुझं नाव काढलं की ते रेडिओ मोठा करतात. मी त्यांच्याच घरात वाढले, चार वाक्यं माझ्याही कानावर पडली असतील. का कान फक्त तुलाच दिलेत?

आणि त्यांचे हात थरथरत नाहीत. परवाच त्यांनी एका हातानं दाराची चौकट उचलली. लिहायचं नाही म्हणून लिहीत नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: दोन नावं म्हणजे अनेकवचन, अनेकवचन म्हणजे reposent, यात विचारण्यासारखं काही नाही, डोळे मिटून लाव.

अट्ठावीस मुलांचा वर्ग आहे माझा. त्यातलं सगळ्यात मठ्ठ पोरगंसुद्धा हे विचारणार नाही.

ताई

१५ एप्रिल

ताई,

डोळे मिटून लावलं.

ओळ अशी सरळ आली की दोरी धरून बघावी. n आणि t तर इतके सुरेख उतरले की मी त्यांच्याकडेच बघत बसलो. मग म्हातारा आला. चष्मा वर केला, खाली केला. मला विचारलं, ‘बेकरीवाला कधी गेला?’

मी म्हटलं, ‘कोण बेकरीवाला?’

‘हा. दुसरं नाव. काल तर मी त्याच्याकडून पाव घेतला.’

माणूस जिवंत आहे, ताई! बायको गेली त्याची. त्यानं आपलं नाव आत्ताच खाली घालायला सांगितलं, जन्मसालासकट, म्हणजे पुढं पोरांना त्रास नको. इथं तशी पद्धत आहे. अशा वेळी repose एवढंच कोरतात आणि त्याच्यापुढं दोन अक्षरांची जागा मोकळी ठेवतात. दुसरा गेला की येऊन nt कोरतात. बोलताना काहीच बदलत नाही, दगडावर मात्र एक माणूस वाढतो. हीच परीक्षा होती. म्हाताऱ्यानं मुद्दाम सांगितलं नव्हतं. कोरणाऱ्याला हे विचारायचं सुचायला हवं, म्हणे.

तुझ्या नियमानं मी चालताबोलता माणूस पुरला. कारखान्यात सगळे मला आता ‘कबर खोदणारा’ म्हणतात. करवतवाला तर मला बघितलं की नाडी तपासून घेतो आणि म्हणतो, ‘अजून आहे ना मी?’

‘डोळे मिटून लाव!’ तुझे डोळे मिटलेलेच असतात. तुझ्या पुस्तकात माणसं नसतातच, नुसती वचनं असतात. एक, अनेक, झालं. कोण जिवंत आहे हे तुझं व्याकरण कधी विचारतच नाही. अट्ठावीस मुलांना हेच शिकव.

बेकरीवाला लेकीकडे गेलाय, महिन्याभरानं येऊन दगड बघणार. म्हातारा म्हणाला, तोवर काय करायचं ते कर. नवा दगड देणार नाही. सगळा चेहरा घासून खाली न्यावा तर नावं जातील आणि दगड पातळ होईल. अक्षरांच्या खाचेत लुकण भरलं तर पहिल्या थंडीत फुगून पडेल. बाकाचं तू विसर, मला हाकललंच समज. आता दारात कुणी दिसलं तर बाबांना सांग, शेपूट आलं.

भाऊ

३० एप्रिल

चुळबुळ्या,

आधी हे सांग. नवऱ्याचं दुसरं साल दगडावर होतं का? जन्मसाल आणि मृत्युसाल, दोन्ही? का एकच होतं? तुझं मार्चचं पत्र ~~आम्ही~~ मी दोनदा वाचलं. त्यात सालांचा एक शब्द नाही. ‘दोन नावं आहेत’ एवढंच लिहून तू मोकळा झालास. म्हाताऱ्यानं दुसऱ्या सालाची जागा कोरी ठेवायला सांगितली होती, खरं ना? आणि तुला वाटलं की त्यांना साल ठाऊक नसेल! एखादा माणूस कधी मेला हे घरच्यांना ठाऊक नसतं होय रे?

अर्धा प्रश्न विचारायचा आणि पूर्ण उत्तराला फासावर द्यायचं, ही तुझी जुनी खोड. मला दोन नावं सांगितलीस, मी दोघांचं क्रियापद दिलं. बेकरीवाल्याला तू पुरलास. मी फक्त फावडं दिलं.

हे माझं भांडण संपलं. खालचं नीट वाच.

मी एका ओळखीच्या सुताराला विचारलं. त्याचं म्हणणं असं. चुकीच्या जागी खाच पडली तर तिच्यात लुकण भरणारा सुतार नव्हे, तो रंगारी. खाच भरायची ती त्याच लाकडाच्या तुकड्यानं, रेषेला रेष जुळवून. दगडालाही रेष असते, बघायला डोळे असले तर. त्या दगडाचाच कापून पडलेला तुकडा शोध, कोपऱ्यात असेल. त्यातून n आणि t च्या आकाराच्या चिपा काढ, खाली निमुळत्या. घाई करायची नाही. एक बसेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. ठोकायचं नाही, दाबायचं. सरस असा लाव की पुढं कुणाला काढायची झाली तर चिप अख्खी निघाली पाहिजे, कारण ती कधीतरी निघणारच आहे. वरून घास. घासता तर येतं ना, दोन वर्षं तेच केलंय.

तो सुतार असंही म्हणाला की, करवत तिरकी जाणं हा गुन्हा नाही, ती तशीच सोडून पळणं हा आहे. हे मला लिहायचं नव्हतं. पण तो खाटेवर समोर उभा आहे आणि लिहिल्याशिवाय हलायला तयार नाही.

ताई

२८ मे

ताई,

पहिली t ची चिप मोडली. दुसरी मोडली. तिसरी बसली. n ला चार लागल्या, त्याच्या दोन पायांमधे दगड फार बारीक राहतो. तो कापलेला तुकडा खरंच कोपऱ्यात होता, बादलीखाली. कोरणारा एकदा आला, थरथरत्या हातानं चिपेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, हे कुठं शिकलास? मी म्हटलं, ऐकून. तो म्हणाला, ‘ऐकून असं येत नाही. खूप वेळा ऐकून येतं.’

बेकरीवाला परवा आला. बुटका, जाड, भुवयांवर पीठ. दगड कोरडा होता, नुसतं repose दिसत होतं. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात म्हाताऱ्यानं, त्या खडूसानं, मुद्दाम बादली उचलली आणि दगडावर पाणी ओतलं. ओला झाल्यावर दगड काहीच लपवत नाही. repose च्या पुढं n आणि t ची केसाएवढी बाह्यरेषा हळूहळू वर आली. म्हातारा म्हणाला, ‘या पोरानं तुम्हाला घाईनं आत घेतलं होतं. नंतर बाहेर काढलंय.’

बेकरीवाला नाक दगडाला लागेपर्यंत वाकला. मला वाटलं, आता मारतो. मग म्हणाला, ‘तरीच. गेला महिनाभर अंग गार पडलं होतं.’ आणि तिथंच दगडांवर बसून हसला, आणि हसता हसता रडायला लागला, बायकोचं नाव घेऊन. मी फडक्यानं दगड पुसत बसलो. उठताना म्हणाला, ‘राहू द्या असंच. तिथं मी आहे, फक्त ऐकू येत नाही. ती असताना घरातही असंच होतं.’

तो गेल्यावर म्हातारा माझ्याकडे वळला. ‘अक्षरं बरी आहेत. व्याकरण कुणीही शिकतं. आधी माणसं मोजायला शीक.’ आणि कोरणाऱ्याचा हातोडा माझ्यापुढं ठेवला.

म्हणजे बाक माझं. शेपूट घालून मी येत नाही. नुसता येतो की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

आता तुझा हिशेब. सालाचं मी लिहिलं नव्हतं, ते खरं. आणि तू डोळे मिटून लाव म्हणालीस, तेही खरं. दोघंही सारखेच गाढव, त्यात तू शिकलेली. तुझ्या पत्रात ‘आम्ही’ लिहून खोडलंयस आणि वर ‘मी’ घातलंयस. खोडलेलं मला दिसतं. माझा धंदाच तो झालाय. आणि तुझा तो ओळखीचा सुतार. ‘खाटेवर समोर उभा आहे’ असं वाक्य तू घाबरल्याशिवाय लिहिणार नाहीस. सोबत तुझं पत्र परत पाठवतोय, लाल शाईनं दुरुस्त करून. खाटेवर बसतात, उभं राहत नाहीत. खोकणारा माणूस तर मुळीच नाही.

त्या सुताराला सांग, त्यानं जे शेवटचं वाक्य लिहायला लावलं ते मला पटलेलं नाही. गिऱ्हाइकासमोर बोललं की तिरकी करवत सरळ होत नाही. मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण चिप ठोकली नाही, दाबली. आणि ती अख्खी निघेल. हेही त्याला सांग.

तर. तुम्ही कसे आहात?

लाल शाई उचलू नकोस, ताई. हे ‘तुम्ही’ आदराचं नाही. टोमण्याचंही नाही. मोजून लिहिलंय.

भाऊ